अप्पांची मांडी

आमच्यात मेलेला माणूस आडवा होत नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग हळूच विषय बदलतो. आम्ही लिंगायत. माणूस गेला की त्याला आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि फुलांनी सजवलेल्या मखरात तसंच बसलेलं रुद्रभूमीत नेतात. खाली मातीतही बसूनच. जन्मभर ज्या लिंगासमोर मांडी घालून पूजा केली, त्याच्यासमोर शेवटी पाय पसरून पडायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ मला कळतो, आणि मला तो पुरतो.

माझे सासरे चंद्रप्पा यांची पंचाईत अशी होती, की त्यांना जिवंतपणीच मांडी घालता येत नव्हती. गुडघे गेलेले. डावा कसाबसा दुमडायचा, उजवा म्हणजे रुसलेला जावई. उदगीरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे. तिथं गादीवर अप्पा बसायचे ते उजवा पाय सरळ पुढं टाकून, टाचेखाली घडी केलेलं बारदान ठेवून. तुरीचा भाव विचारायला आलेला माणूस त्या पायाला वळसा घालूनच आत यायचा. घरी पूजाही खुर्चीवर बसून. त्याची त्यांना फार लाज वाटायची. रोज पूजेआधी लिंगाला हात जोडून, पाहुण्याला म्हणावं तसं, जरा चालवून घ्या, म्हणायचे. संध्याकाळी अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई गुरम्मा, तिळाचं तेल कोमट करून त्यांचा गुडघा चोळत बसायच्या, आणि अप्पा डोळे मिटून म्हणायचे, "मेल्यावर मात्र मला नीट मांडी घालून बसवा. तवा दुखणार न्हाई."

आम्ही हसायचो. अव्वा हसायच्या नाहीत. तुमच्या जिभेला काही हाड, असं पुटपुटत जरा जास्तच जोरात चोळायच्या.

मी सुकन्या, या घरची धाकटी सून. माहेर रेणापूरचं. धाकट्या सुनेला घरात फार बोलायची सोय नसते, पण बघायची असते, आणि माझा स्वभाव असा की बघितलेलं पोटात ठेवलं तर मला पचत नाही. माझा नवरा मल्लिनाथ अप्पांबरोबर दुकान बघायचा. थोरले दीर रविकिरण अमेरिकेत. त्यांना मी समोरासमोर एकदाही पाहिलेलं नाही. आमच्या लग्नात ते एका पाहुण्याच्या हातातल्या फोनमध्ये होते. अक्षता पडताना पाहुण्यानं फोन डोक्यावर धरला होता आणि माझ्या डोक्यावर पडायच्या निम्म्या अक्षता भाऊजींच्या तोंडावर पडल्या, एवढं आठवतं.

माणूस वाईट नव्हता. अडकलेला होता. भाऊजींना तिथं राहायची आणि नोकरी करायची परवानगी होती, पण पासपोर्टवरचा आत शिरायचा शिक्का कधीच संपला होता. आत आहे तोवर ठीक. एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत जायला इथल्या त्यांच्या वकिलातीत मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यायचा, आणि मुलाखतीच्या तारखाच मिळत नव्हत्या. मिळालेल्या तारखा पुढं ढकलल्या जात होत्या. नियम तर असे बदलत होते की आज वाचलेला उद्या खरा असेल याची खात्री नाही. लातूरचा एक मुलगा बहिणीच्या लग्नाला म्हणून आला तो इथंच राहिला. तिकडं नोकरी गेली, भाड्याच्या घरातलं सामान मित्रांनी उचलून ठेवलं. ही गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना तोंडपाठ होती. म्हणून भाऊजी दर वर्षी पुढच्या वर्षी येतो म्हणायचे, आणि अव्वा दर वर्षी बरं म्हणायच्या.

अप्पा-अव्वाच जाऊन आले असते, तर त्यांना नकार मिळाला. मुंबईपर्यंत जाऊन, त्या पायानिशी रांगेत उभे राहिले, तर खिडकीपलीकडच्या माणसानं दोन-तीन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत सरकवले. अप्पा चिडले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, की आपण मोंढ्यात एखाद्याचा माल घ्यायचा नसला तरी त्याला आधी बसा म्हणतो.

अप्पा गेले ते पौषात, सकाळी, चहा पिताना. कपबशी नीट खाली ठेवली आणि मान टाकली. गल्लीतले डॉक्टर आले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवून गेले. अव्वा भिंतीला टेकून खाली बसल्या त्या बसूनच राहिल्या.

अप्पांची थोरली बहीण नागम्मा आत्या भालकीहून आलेली होती. आत्यानं आयुष्यात पुष्कळ मरणं बघितली आहेत, त्यामुळं तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. ती म्हणाली, "आधी बसवा. रडणं मागून. अंग गरम हाय तवर ऐकतंय, मग कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

मल्लिनाथ तेव्हा फोनवर होता. पलीकडं भाऊजी होते. ते रडत होते, ओरडत होते, आणि त्यातून एकच वाक्य नीट कळत होतं: "थांबा, मी यायलोय. मला अप्पाचं तोंड बघू द्या."

आता थांबायचं म्हणजे काय? बसवून, भोवती बर्फाच्या लाद्या रचून एखादा दिवस निघतो. अमेरिकेहून माणूस यायला तेवढा पुरत नाही. मग कुणीतरी पेटीचं सुचवलं. गावातल्या एका मंडळाकडं काचेच्या झाकणाची थंड पेटी आहे, ज्यांचे नातेवाईक लांब असतात ते ती मागवतात. पण त्या पेटीत माणूस आडवाच मावतो. बसणाऱ्यांचा विचार ती बनवणाऱ्यानं केलेला नाही. आत्या खूप भांडली. आधी बसवा म्हणजे बसवा, लेक येईल न्हाई तर न येईल, असं तोंडावर म्हणाली. मल्लिनाथनं तिला हात जोडले. थोरला म्हणतोय तर मी कोण नाही म्हणणार, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आला की लगेच बसवू, म्हणाला. थोरला मुलगा येणार, या शब्दापुढं त्या घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. मला तर त्या रडारडीतही वाटून गेलं, की चला, एकदाचं भाऊजींना बघायला मिळेल.

दुपारी पेटी आली आणि अप्पा तिच्यात आडवे झाले.

त्यानंतरचे दोन दिवस आमचं घर जागच्या जागी धावत होतं. प्रेत घरात असताना चूल पेटत नाही, त्यामुळं शेजारच्या सरजाबाईंकडून चहाच्या किटल्या येत होत्या आणि थंड होऊन परत जात होत्या. भजनी मंडळ येऊन बसलं, गळे बसले तसं उठून गेलं, दुसरं आलं. अंत्यविधी करणारे आमचे स्वामी सकाळी आले, बघून गेले, संध्याकाळी परत आले. पहिल्या दिवशी अप्पांसाठी मोंढा बंद राहिला. दुसऱ्या दिवशी उघडला, कारण तुरीला कुणाच्या मरणाची खबर नसते, गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. आमचं दुकान तेवढं बंद. येणारा जाणारा दारात चप्पल काढता काढता विचारायचा, अजून उचललं न्हाई का, आणि मल्लिनाथ प्रत्येकाला तेच सांगायचा. शेवटी शेवटी तो सांगायचा कमी आणि बजावायचा जास्त. रुद्रभूमीत खड्डा खणून झाला होता. तिथल्या माणसाचे निरोपावर निरोप, की कुत्री फिरतात, मी किती राखण करू.

त्यात वीज जायची. वीज गेली की पेटीची घरघर थांबायची आणि सगळं घर एकदम उठून उभं राहायचं. मल्लिनाथ अनवाणी पळत जाऊन कुठून तरी जनरेटर घेऊन आला. त्याच्या धुरानं पोरं खोकायला लागली, पण घरघर परत सुरू झाली आणि सगळे खाली बसले. अव्वा मात्र त्या पेटीपासून लांब, दाराच्या तोंडाशी बसल्या होत्या. काचेवर आतून वाफ धरली होती. त्यातून अप्पांचे पाय दिसत होते, दोन्ही सरळ, अंगठे वर. अव्वा तिकडं बघायच्या आणि लगेच नजर काढून घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. माझा, मल्लिनाथचा नाही. जाऊबाई होत्या, अंजू वहिनी. त्यांच्याकडं अजून पहाट झाली नव्हती. त्या कुजबुजत बोलत होत्या, कारण भाऊजी आंघोळीला गेले होते आणि थोड्या वेळात विमानतळावर निघणार होते.

वहिनी मला म्हणाल्या, की तुझ्याशिवाय मला सांगायला कुणी नाही. मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा रुद्रेश, त्याच्या हृदयात छिद्र आहे हे आम्हाला माहीत होतं. औषधानं भरेल, असं आम्हाला कळवलं होतं. भरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली होती. तिचा सगळा खर्च भाऊजींच्या नोकरीतल्या विम्यावर, आणि वहिनींना तिथं कमवायची परवानगी नाही. कालपासून वकील फोनवर ओरडून सांगत होता, की आत्ता देश सोडू नका, परत कधी याल याची मी हमी देऊ शकत नाही. भाऊजी वकिलाचंही ऐकत नव्हते, वहिनींचंही नाही. नोकरी गेली की विमा गेला, आणि विम्याबरोबर तिथं राहायचा हक्कही गेला. मग पोराला घेऊन ती बाई एकटी काय करणार?

"तू त्यांना येऊ नका म्हणून सांग," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणाले तर बापाचं तोंड बघू न देणारी ती मीच, असं जन्मभर व्हईल. मी कसं म्हणू?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. इथं आम्ही एका माणसाला डब्यात घालून दोन दिवस बसलोय, आणि आता म्हणे येऊ नका म्हणून सांग. पण राग धरायचा कुणावर? वहिनींवर धरला तर त्या आईच होत्या. भाऊजींवर धरला तर तो बिचारा बॅग भरून निघालाच होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. राग धरायचा तो त्या शिक्क्यावर, आणि शिक्क्याला तोंड नसतं. ज्यानं तो नियम केला त्याला उदगीर नावाचं गाव आहे हे ठाऊक नसेल, आणि तिथं एका घरात माणसाला बसवायचं थांबवून ठेवलंय हे तर त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

मल्लिनाथला सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. दोन दिवस लोकांना तोंड देऊन त्याचं डोकं फिरलं होतं. भाऊ आला नाही तर ते सगळं वाया, असं त्याचं झालं होतं. आत्याला सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी दारात बसलेल्या अव्वांच्या शेजारी जाऊन बसले आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. पोराचं ऑपरेशन, विमा, वकील, सगळं. अव्वांनी मधेच एकदाच विचारलं, की छिद्र केवढं आहे. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ऑपरेशन लागेल एवढं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा अव्वांनी हात पुढं केला. "लाव."

मी फोन लावला. भाऊजी विमानतळावर पोचले होते. मागून सूचना ऐकू येत होत्या. अव्वांनी रडणं, विचारपूस काही केली नाही.

"रवी, पोरगं कसं हाय?"

बरं हाय, एवढंच भाऊजी म्हणाले.

"मला कळलंय. कुणी सांगितलं ते सोड. तू आलास तर माघारी कधी जाशील?"

"बघू अव्वा. व्हईल काही तरी."

"काही तरी म्हणजे काय?"

भाऊजी म्हणाले, "अव्वा, मी थोरला हाय."

"म्हणूनच सांगायले," अव्वा म्हणाल्या. "अप्पा गेले. तू आला म्हणून ते उठायचे न्हाईत. तुझ्या पोराला बाप लागतोय. सामान उचल आणि घरी जा."

भाऊजी लहान मुलासारखे रडायला लागले. थोरला, दाढीचा, एवढ्या मोठ्या विमानतळावर उभा असलेला माणूस. अव्वांना फोन बंद करता येत नाही. त्यांनी तो माझ्या हातात दिला. आतलं रडणं चालूच होतं, आणि ते कसं बंद करायचं ते मलाही कळेना. मी फोन पदरात धरून तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं तो आपोआप थांबला.

मल्लिनाथला कळलं तेव्हा तो माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडला. "दोन दिस मी लोकांची तोंडं धरून राहिलो, बापाला डब्यात ठेवला, ते कशासाठी? तुला कोणी मधी पडायला सांगितलं?" माझ्याकडं उत्तर होतं, पण ते त्याच्या पुतण्याच्या छातीतलं छिद्र होतं, आणि ते बापाच्या पेटीसमोर उभं राहून सांगायचं माझ्या जिवावर आलं. अव्वांनी सांगितलं. तो ऐकत गेला तसा खाली बसत गेला.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर पेटी उघडली. गार वाफेचा एक लोट बाहेर आला. चौघांनी अप्पांना उचलून पाटावर ठेवायला घेतलं, आणि तिथंच सगळ्यांना कळलं. अप्पा फळीसारखे सरळच्या सरळ उचलले गेले. बसवायला गेले तर कमरेत वाकेनात. माणसं मागं सरली, एकमेकांकडं बघायला लागली. आत्या कपाळावर हात मारून घेत राहिली, पण मी सांगितलं होतं, असं म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिला मानते.

ऊन अंगणात आल्यावर त्यांना उन्हात ठेवलं. कमर हळूहळू सुटली. गुडघे नाहीत. भावकीतले दोघं तगडे पुढं झाले, एकानं मांडी धरली, दुसऱ्यानं पिंढरी, आणि जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. घरातली सगळी बाईमाणसं एकदम ओरडली. स्वामींनी डोळे मिटले.

"सोडा," अव्वा म्हणाल्या. दोन दिवस दारात बसलेली ती बाई उठून अंगणात आली होती. "सोडा म्हणते ना. बैल हाय का तो, पाय बांधायला?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तेल गरम करून आण."

आत्या म्हणाली, घरात चूल पेटवायची नाही, अजून प्रेत घरात आहे. मी क्षणभर थांबले. सरजाबाईंकडून आणता आलं असतं. पण त्यांच्याकडं जाऊन तेल तापवून आणेपर्यंत ते गार होईल, असं मी मनाला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. मला वाटतं, त्या दोन दिवसांत मला एकदा तरी काही तरी मोडायचं होतं. इतक्या लांबचे इतके नियम आम्ही पाळत होतो, की घरातला एखादा मोडल्याशिवाय मला श्वास घेता येईना.

अव्वा पाटाशी बसल्या. अप्पांचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि चोळायला लागल्या. रोज संध्याकाळी चोळायच्या तशाच, वरून खाली, मग वाटीभोवती गोल. चोळता चोळता बोलत होत्या, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. पोरगं आलं न्हाई, मीच येऊ दिलं न्हाई, रागावू नका. नातवाला बरं न्हाई. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. तेल संपलं की मी आणखी आणत होते. पुष्कळ वेळानं डावा पाय सैल झाला आणि त्यांच्या हाताबरोबर दुमडत आला.

मग उजवा. अव्वांनी त्यालाही तेवढंच चोळलं. त्याहून जास्त चोळलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. आत्यानं सांगून बघितलं, मल्लिनाथनं हात लावून बघितला, मी लावून बघितला. तो पाय तसूभर हलला नाही. जिवंतपणी हट्टी होता, आता तर दगड झाला होता. बसवायचा तो लगेच बसवला असता तर कदाचित बसला असता. हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणाच्याच तोंडात नव्हतं.

शेवटी अव्वांनी हात काढून घेतले. "राहू द्या," म्हणाल्या. "न्हाई ऐकत."

आता प्रश्न स्वामींचा. त्यांच्याकडं सगळे बघायला लागले. स्वामी खाली वाकले, अप्पांच्या त्या लांब झालेल्या पायावर हात ठेवला. मग म्हणाले, लिंग हातावर असतं, पायावर नसतं, आणि मल्लिनाथला सांगितलं, की रुद्रभूमीत जाऊन खड्डा पुढच्या अंगानं वाढवायला सांग. मल्लिनाथ गेला. नंतर कळलं, त्यानं तिथल्या माणसाला बाजूला करून स्वतः खड्ड्यात उतरून, स्वतःच्या हातानं बापाच्या एका पायापुरती माती काढली. परत आला तेव्हा कोपरापर्यंत मातीनं भरला होता आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातातलं पाणी घेऊन प्याला.

अप्पांना मखरात बसवलं. डावी मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचे हार, आणि उजवा पाय सरळ पुढं. तो मखराबाहेर अधांतरी राहिला होता. तेवढ्यात आमच्या दुकानातले हमाल पुढं आले. त्यांच्यातल्या वयस्कर शेषेरावनं काखेतून एक बारदान काढलं, चार घड्या केल्या आणि अप्पांच्या टाचेखाली नीट बसवलं. दुकानातलं तेच ते. इतका वेळ सगळ्यांना वाटत होतं, की हा पाय बघून लोक काय म्हणतील. मोंढ्यावरून मखर गेलं तेव्हा तुरीच्या पोत्यांवर बसलेले लोक उठून उभे राहिले. शेट गादीवर बसल्यावानीच बसलेत, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग त्याचं त्यालाच रडू आलं.

अव्वांनी त्या दिवशी भाऊजींना दाखवायला म्हणून कुणाला फोन धरू दिला नाही. पोराला असं तुकड्या-तुकड्यानं दाखवायचं नाही, म्हणाल्या. फोटो मात्र काढला होता. आमच्यात बसवलेल्या माणसाबरोबर घरच्यांचा फोटो काढतात. तो काही दिवसांनी भावकीतल्या कुणीतरी भाऊजींना पाठवून दिला. आपण पाठवतोय ते काय, हे न बघताच.

फोटो पोचला त्याच दिवशी भाऊजींचा फोन आला, आणि मी तो स्पीकरवर करून अव्वांच्या हातात दिला. संध्याकाळ होती. ती वेळ अव्वांना फार जड जायची. हाताला काम नसायचं, त्या नुसत्या लुगड्याचा काठ चोळत बसायच्या. भाऊजींनी आधी रुद्रेशचं सांगितलं. शस्त्रक्रियेची तारीख तीच होती, नोकरी होती, सगळं जागच्या जागी होतं. अव्वांनी बरं म्हटलं.

मग भाऊजी म्हणाले, "अव्वा, फोटोत अप्पांचा पाय लांब का हाय?"

मल्लिनाथनं मान खाली घातली. आत्या उठून आत गेली. मला वाटलं, सांगून टाकावं. पेटी, एवढा एकच शब्द. आम्हीच का म्हणून वागवायचं हे, त्यांनाही कळू दे. आणि त्याच क्षणी वाटलं, की तो शब्द एकदा त्या माणसाच्या छातीवर जाऊन बसला की कुठल्याही देशातल्या डॉक्टरला तो काढता येणार नाही. मी अव्वांकडं बघितलं.

"दुखत व्हता रे," अव्वा म्हणाल्या. "म्हणून घातली न्हाई मांडी."

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "अप्पा तर म्हणायचे, मेल्यावर दुखणार न्हाई."

अव्वांनी लुगड्याचा काठ सोडला. समोर अप्पांची पूजेची खुर्ची होती, तिच्याकडं बघत त्या म्हणाल्या, "चुकलं त्यांचं. दुखतंय."

आणि फोन बंद करण्यासाठी त्यांनी तो माझ्या हातात दिला.